थॉमस गुरुजींचे सात प्रश्न

मनामा, १४ जानेवारी १९८९

प्रिय पप्पा,

तुमचं पत्र आणि व्हेरॉनिकाने केळी वाळवून पाठवलेली सुकेळी एकाच दिवशी पोचली. सुकेळी आमच्या वॉर्डातल्या दुसऱ्या एका नर्सच्या भावाबरोबर आली, त्यामुळे अर्धी वाटेतच संपली होती. उरलेली माहूजच्या आमच्या फ्लॅटवर दोन मल्याळी मैत्रिणींनी संपवली. मला चार मिळाली. व्हेरॉनिकाला सांगा, पुढच्या वेळी डबा शिवून पाठव.

एक बातमी खास तुमच्यासाठी. गेल्या महिन्यात इथं बहरीनचं नवं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. मनामाहून मुहर्रकला जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी, समुद्राला लागून, पांढऱ्या दगडाची मोठी इमारत आहे. परवा गुरुवारी मला सुट्टी होती, आम्ही पाहून आलो. आत एक अख्खी कबर आणून ठेवलीय, चार हजार वर्षांपूर्वीची, सांगाड्यासकट! मोत्यांचा एक विभाग आहे. भांडी आहेत, शिक्के आहेत. तेव्हा या बेटाला दिलमुन म्हणायचे आणि हिंदुस्थानशी व्यापार चालायचा, असं लिहिलंय. तुम्ही फळ्यावर सिंधू संस्कृतीचा नकाशा काढून एक बाण समुद्रात कुठंतरी सोडून द्यायचात, तो बहुतेक इथंच येत असावा. खूप छान आहे सगळं. वारा पण छान होता.

भुईगावच्या फिलिपबद्दल तुम्ही लिहिलंत. मुलगा चांगला असेल, पण एवढ्यात कुणाला शब्द देऊ नका. सुट्टीवर आले की बोलू.

तुमची,
लुर्डस

गिरीज, वसई, २९ जानेवारी १९८९

चि. लुर्डस,

देव तुझं भलं करो. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला. ‘खूप छान आहे सगळं’ हे वाक्य चौथीतल्या मुलाने सहलीच्या निबंधात लिहिलं असतं, तर मी त्याला निबंध पुन्हा लिहायला लावला असता. तू तर तीस वर्षांची आहेस, आणि मास्तराची मुलगी आहेस.

छत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की हडप्पाचे लोक जहाजातून पश्चिमेकडे माल नेत. पुस्तकात तेवढी एकच ओळ होती. पोरं विचारायची, “गुरुजी, नेत म्हणजे कुठं?” मी म्हणायचो, आखातात. “आखातात कुठं?” मग मी म्हणायचो, पुढचा धडा काढा. आता माझी मुलगी त्या जागी उभी राहून येते आणि मला वारा छान होता म्हणून कळवते!

तेव्हा पुन्हा जा. सात प्रश्न देतो, पाहून उत्तरं लिही. त्या कबरीत माणसाला कसं निजवलंय, उताणं की कुशीवर? डोकं कोणत्या दिशेला आहे? त्याच्याबरोबर काय काय ठेवलंय? शिक्के चौकोनी की गोल? आपल्याकडचे चौकोनी असतात. त्यावर बैल आहे का, आणि असला तर वशिंड आहे का? दगडी वजनं ठेवलीत का, ठोकळ्यांसारखी? आणि मोती काढायला बुडी मारणारा माणूस नाक कशाने बंद करायचा?

फिलिपच्या घरची मंडळी ईस्टरच्या आठवड्यात येतो म्हणतात. मी शब्द दिलेला नाही, पण या म्हटलंय. घरी आलेल्याला नको कसं म्हणायचं? मुलगा बोटींच्या ऑफिसात कारकून आहे, दारू पीत नाही. तुझा एखादा नवा फोटो पाठव.

आणि अक्षर जरा मोठं काढ. शाईही फिकी वापरतेस.

तुझा,
पप्पा

मनामा, १८ फेब्रुवारी १९८९

प्रिय पप्पा,

गेले. दोनदा गेले. आता ओरडू नका.

माणूस कुशीवर आहे, गुडघे पोटाशी घेतलेले, हात तोंडाजवळ. थंडीत झोपल्यासारखा. बाजूला मातीची भांडी ठेवलीत. शिक्के गोल आहेत, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढे. वजनं आहेत, तुम्ही म्हणता तशीच गुळगुळीत ठोकळ्यांसारखी, आणि ती तिकडचीच आहेत, सिंधूकडची. नाकाला हाडाचा चिमटा लावायचे, कपडे वाळत घालायला लावतो तसा, पण लहान.

दिशेची मोठी गंमत झाली. आत बसून पूर्व कुठली ते कसं कळणार? तिथं हाशिम नावाचे एक म्हातारे बहरीनी रखवालदार आहेत. लहानपणी वडिलांबरोबर मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलतात. ते अँजेलिनाला घेऊन बाहेर गेले, सूर्य कुठं उतरतोय ते दोघांनी पाहिलं, मग हाताने बाण धरून दोघं आत आली, वळत वळत, लोकांना बाजूला करत. डोकं पूर्वेला आहे, पप्पा.

अँजेलिना म्हणजे माझ्या ओळखीतल्या एकांची मुलगी. नऊ वर्षांची आहे, ईसा टाउनच्या शाळेत जाते. तिचे वडील डेनिस आपल्या पापडी गावचेच, झल्लाकच्या एका हॉटेलात बेकरी सांभाळतात. मुलगी हुशार आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते. सोबतचं शिक्क्याचं चित्र तिने काढलंय. बैलाचं आणि वशिंडाचं नक्की सांगता येत नाही, तिथं जरा वाद आहे.

फोटो नंतर पाठवते. इथले फोटोवाले चेहरा फार गोरा करतात.

तुमची,
लुर्डस

(अक्षर मोठं काढलंय ना?)

गिरीज, ५ मार्च १९८९

चि. अँजेलिना हिस,

तुझं चित्र मिळालं. कडेच्या रेघा तू मोजून काढल्या आहेस हे मला कळलं, कारण ज्याला कंटाळा येतो तो चारच काढतो. मी लुर्डसचा पप्पा. शाळेत मास्तर होतो, आता घरी बसून केळीची बाग राखतो.

बैलावरून वाद आहे असं कळतं. वाद कोणाचा कोणाशी आहे, आणि तुझं म्हणणं काय, ते मला लिही. मात्र मला इंग्रजी येत नाही, तेव्हा मराठीत लिहावं लागेल. चुका झाल्या तर होऊ दे, मी लाल पेन केव्हाच फेकून दिलंय. अक्षर मोठं काढ.

तिथं तुला सगळ्यांत काय आवडलं? ‘खूप छान’ असं लिहायचं नाही.

तुझा,
थॉमस आजोबा

ईसा टाउन, २० मार्च १९८९

डिअर आजोबा,

मी अँजेलिना. मराठी लिहायला मला डॅडीने शिकवला, रोज एक पेज. हे लेटर मी एकटीने लिहिते. कोणाला दाखवत नाय.

फाइट माझा आणि हाशिम अंकलचा आहे. तो बोलतो शिक्क्यावर बैल. मी बोलते हरीण. शिंग लांब आहे आणि मान पण लांब आहे. बैलाला एवढी मान असते काय? तुमच्या गावात बैल आहे तर बघून लिही. वशिंड नाय. लुर्डस आंटीने सांगितला वशिंड म्हणजे हंप.

मला सगळ्यांत आवडला साप. एक बाउल आहे मातीचा, त्याच्यात सापाचे बोन्स गोल गोल ठेवलेत. झोपला तसा. लोकं देवासाठी ठेवायची. हाशिम अंकल बोलला कधी कधी सापाबरोबर एक मोती पण ठेवायची. मला वाटते सापाला एकटा वाटू नये म्हणून.

आंटी आत जास्त येत नाय. ती आणि डॅडी बाहेर समुद्राजवळ बसतात आणि बोलतात. मी तुमचा क्वेश्चन पेपर घेऊन आत जाते आणि सगळा लिहून आणते. मग आंटी माझ्याकडून कॉपी करते. हे चीटिंग आहे काय?

डॅडीने आंटीला लग्नाचा विचारला. आंटी बोलली थांब. मी डॅडीला विचारला थांब का? डॅडी बोलला तिच्या पप्पांना विचारायचा आहे. खूप दिवस झाले. तुम्हाला कोणी विचारला काय? मला वाटते नाय विचारला. म्हणून मी विचारते.

माझी मम्मी मी चार वर्षांची होती तेव्हा देवाकडे गेली. आंटी आमच्या घरी राहायला आली तर चालेल काय? माझा एकच प्रश्न आहे. तुमचे सात होते.

लव्ह,
अँजेलिना

मनामा, २२ मार्च १९८९

(पाकिटावर: फक्त पप्पांनी वाचावे. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नये.)

प्रिय पप्पा,

अँजेलिनाने काल शाळेच्या बसमधून उतरून स्वतः तुम्हाला पत्र टाकलं. मला दाखवलं नाही, पाकीट आधीच चिकटवलं होतं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, “दॅट इज बिटवीन आजोबा अँड मी.” तेव्हाच मला कळलं की आता मला लिहायलाच हवं. ते तुम्हाला आधी मिळतंय की हे, देव जाणे.

पप्पा, ‘ओळखीतले एक’ असं मी लिहिलं, ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अँजेलिना आमच्या वॉर्डात होती, टायफॉइडने. दिवसा सगळ्यांशी इंग्रजी बोलायची आणि ताप चढला की मराठी, तेही अगदी आपल्या वसईचं. मी तिच्याजवळ बसून राहायचे. तिचे वडील ड्यूटी संपवून झल्लाकहून यायचे, अंगाला पावाचा वास. फार बोलत नाहीत. मुलीचा हात धरून नुसते बसायचे आणि जाताना मला थँक यू म्हणायचे, रोज, अगदी पहिल्यांदा म्हणत असल्यासारखे. मुलगी घरी गेली तरी ते थँक यू म्हणायला येतच राहिले.

त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी काविळीने गेली. ते सदतीस वर्षांचे आहेत. नोव्हेंबरमध्ये त्यांनी मला विचारलं. मी थांबा म्हटलं. तुम्हाला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे मला सुचेना. तुम्ही फिलिपचं लिहिलंत तेव्हा तर आणखीच घाबरले. पहिल्या लग्नाची, कोरी मुलगी बिजवराला, पदरात मूल असलेल्याला द्यायची, गावात लोक काय बोलतील, आणि तुम्ही ते कसं ऐकून घ्याल?

पण तुमचं नाव मी उगाच पुढं करत होते, हेही लिहून टाकते. मला खरी भीती त्या मुलीची वाटते. ती माझ्याशी चांगली वागते, पाहुण्यांशी वागावं तशी. तिच्या खोलीत तिच्या आईचा फोटो आहे. मी तिथं राहायला गेले आणि एक दिवस ती म्हणाली की तू कोण, तर मी काय सांगू? हॉस्पिटलात कुणाचं काय करायचं ते मला शिकवलंय. हे कुणी शिकवलं नाही.

तुम्ही म्हणाल तसं करीन. नको म्हणालात तर नको.

लुर्डस

मनामा, २९ एप्रिल १९८९

प्रिय पप्पा,

माझ्या पत्राला पाच आठवडे झाले. ईस्टरलाही तुमचं कार्ड आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. चर्चच्या बंगल्यावर फोन लावला, तीनदा लावला, लाइनच लागत नाही.

तुम्हाला राग आला असेल तर रागावून लिहा. दोन ओळी लिहा. डेनिस काही विचारत नाहीत, पण गेल्या गुरुवारी म्हणाले, “तुझ्या पप्पांनी नाही म्हटलं असेल तर मला समजेल.” अँजेलिना रोज शाळेतून आल्यावर पत्रपेटी उघडून बघते. म्हणते, “मेबी ही इज स्टिल लुकिंग फॉर अ बैल.”

तुमची,
लुर्डस

गिरीज, ११ मे १९८९

प्रिय लुर्डस,

मी व्हेरॉनिका लिहितेय, तुझी आतेबहीण. मामांनी ‘सांगतो तेवढंच लिही’ असं म्हटलंय, पण मी माझंही लिहिणार.

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गेलं वर्षभर भिंग लावून वाचत होते आणि तुला कळवायचं नाही अशी मला तंबी होती, सुट्टी टाकून धावत येशील म्हणून. तीन एप्रिलला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं, काळजी करू नकोस. पट्टी निघालीय, पण चष्मा सहा आठवड्यांनी मिळणार. तोवर वाचायचं नाही, खाली वाकायचं नाही, आणि बागेत तर अजिबात जायचं नाही, तरी जातात.

आता खरी गोष्ट ऐक. तुझं ते मार्च महिन्यातलं पाकीट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आलं. भिंग लावलं तरी त्यांना अक्षर लागेना. मी म्हटलं, द्या, वाचून दाखवते. त्यांनी मला पाकिटावरचं तेवढं वाचायला सांगितलं. मी वाचलं. म्हणाले, “झालं. तिने नको म्हटलंय ना?” आणि पाकीट उशीखाली ठेवलं. हॉस्पिटलात नेलं, परत आणलं. रोज हात लावून बघतात आहे का ते. तुझं दुसरं पत्र मात्र मी वाचून दाखवलं, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ते ऐकून म्हणाले, “तिला लिही की मी रागावलो नाही, मी आंधळा आहे.” आणि स्वतःच मोठ्याने हसले.

फिलिपच्या घरची माणसं ऑपरेशननंतरच्या आठवड्यात आली होती. मामांनी त्यांना कॉफी दिली, केळी दिली आणि सांगितलं की मुलीचा विचार दुसरीकडे आहे. मी तर तोंड वासून पाहत राहिले. तुझं पाकीट न उघडता त्यांना कसं कळलं? विचारलं तर म्हणतात, “मला दुसरीकडून रिपोर्ट आहे. मोठ्या अक्षरात.”

तुझी,
व्हेरॉनिका

गिरीज, २८ मे १९८९

चि. लुर्डस,

परवा चष्मा मिळाला. बाटलीच्या बुडासारखा आहे, पण त्यातून आपल्या विहिरीवरचं शेवाळ हिरवं दिसलं. गेली दोन वर्षं मी ते काळं समजत होतो. घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि तुझं पत्र उघडलं.

मजकूर मला ठाऊक होता. तुझ्या वॉर्डातली ती पोर माझ्या डोळ्याला पेलेल अशा अक्षरात सगळं कळवून बसली होती. तरी तुझ्या हातचं वाचायचं होतं म्हणून थांबलो.

मला वाईट कशाचं वाटलं ते सांगतो. माणूस विधुर आहे याचं नाही. लोक बोलतील याचंही नाही, ते सुकेळी कमी गोड झाली तरी बोलतात. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांना सांगत आलो की मनात येईल ते विचारा, घाबरू नका. आणि माझ्याच पोरीला मला विचारायला नोव्हेंबर ते मार्च लागला. त्यात चूक माझी काही असेल. तुझी आई गेल्यावर मी तुझा मास्तरच जास्त झालो.

आता तुझ्या भीतीचं. एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, लपवायची म्हणून नव्हे, सांगायची वेळच आली नाही. तुझी आजी, माझी बय, जिच्या मांडीवर तू वाढलीस, ती माझी सख्खी आई नव्हती. मला जन्म देणारी मी पाच वर्षांचा असताना गेली. वर्षभराने बाबांनी बयला घरात आणलं. मी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि आठ महिने बोललो नाही.

तिने कधी माझी मनधरणी केली नाही. मला वाढायची आणि शेजारी बसून स्वतःशीच बोलल्यासारखं करायची. “आज विहिरीवर साप निघाला, बाई.” एवढंच म्हणायची आणि उठून भांडी घासायला जायची. दुसऱ्या दिवशी, “आज खाडीत असा मासा सापडला की चार माणसं लागली.” पुढं काही नाही. मी मनातल्या मनात तडफडायचो. शेवटी एक दिवस न राहवून विचारलं, “कोणता मासा?” तिने पाठ न वळवता उत्तर दिलं, जसा काही मी रोजच तिच्याशी बोलत होतो. त्या दिवसापासून तिला विचारायचं मी थांबलो नाही, ती गेली त्या दिवसापर्यंत.

माझ्या जन्मदातीचं लुगडं तिने पेटीत जपून ठेवलं होतं आणि दर वर्षी तिच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा सांगायची. ती मला कधी म्हणाली नाही की मी तुझी आई आहे. मीच एक दिवस शाळेत कुणाला तरी म्हटलं.

तेव्हा ‘तू कोण’ असं त्या पोरीने विचारलं तर घाबरू नकोस. विचारणारं मूल बोलतं झालेलं असतं. आईचा फोटो आहे तिथंच राहू दे, त्याची काच तू पुसत जा.

डेनिसला होकार कळव. आणि मला तिकडे यायचंय. डोळा नवा आहे, तो चांगल्या कामाला लावावा म्हणतो.

तुझा,
पप्पा

मनामा, १५ जून १९८९

प्रिय पप्पा,

तुमचं पत्र मी ड्यूटीवर, लिनन ठेवायच्या खोलीत उभ्याने वाचलं. इतकी रडले की सिस्टरला वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, कुणी गेलं नाही, कुणीतरी येतंय.

डेनिसना होकार सांगितला. त्यांनी थँक यू म्हटलं! मग दोघंही हसत सुटलो. अँजेलिनाला मी आजीची गोष्ट जशीच्या तशी वाचून दाखवली. तिने ते पान हातात घेऊन उलटून पाहिलं. मग मराठीत म्हणाली, “पण मासा कोणता होता?” पप्पा, तुम्ही ते लिहिलंच नाही.

आता उन्हाळ्यात येऊ नका, भट्टी पेटलेली असते. डिसेंबरात या. व्हिजिट व्हिसाची सोय मी करते.

तुमचीच,
लुर्डस

मनामा, १० डिसेंबर १९८९

चि. व्हेरॉनिका,

सुखरूप पोचलो. विमानात माझ्या शेजारच्या गृहस्थाने मला खिडकी दिली आणि मग वाटभर पस्तावला, कारण खाली काय आहे ते मी त्यालाच विचारत होतो.

विमानतळावर तिघं आली होती. डेनिस उंच आहे, खांदे वाकलेले, हातावर भट्टीचे जुने डाग. त्याने माझी पेटी उचलली आणि गाडीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला आवडला. अँजेलिना पुढं येऊन हात मिळवून म्हणाली, “आजोबा, मासा कोणता?” मी म्हटलं, घोळ. तिने मान डोलावली आणि माझी पिशवी घेतली.

परवा गुरुवारी संग्रहालयात गेलो. मी गळ्यात टाय बांधला होता. लुर्डस म्हणाली, “पप्पा, कशाला?” मी म्हटलं, चार हजार वर्षांच्या माणसाला भेटायला जायचं तर नीट जावं.

काय सांगू तुला! दारातच हाशिम भेटले. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “मास्टरजी, आपके सवालों ने मेरी नौकरी मुश्किल कर दी।” मग मुंबईतली कोणकोणती दुकानं अजून आहेत ते विचारत राहिले. बहुतेक दुकानं गेलीत, पण त्यांचा चेहरा पाहून मी दोन-तीन जिवंत ठेवली.

अँजेलिना माझं बोट धरून पुढं आणि आम्ही मागे. तिने सगळं मराठीत सांगितलं. तिचं मराठी अजून लंगडतं, पण थांबत नाही. कबरीपाशी पोचलो. काचेपलीकडे तो माणूस कुशीवर निजलेला, हात तोंडापाशी. पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्या डोक्यातून गेली. किती वर्षं मी पोरांना पुढचा धडा काढा म्हणालो, आणि तो इथं असा निजून होता. शेजारच्या काचेत सिंधूकडची ती वजनं पाहिली. इतकी लहान, व्हेरॉनिका! मुठीत मावतील. आपल्याकडच्या कुणीतरी ती घासून घासून गुळगुळीत केली, गाठोड्यात बांधली आणि समुद्र ओलांडून नेली. माझा चष्मा धुकटला. हाशिम न विचारता खुर्ची घेऊन आले.

बैल की हरीण यावर माझा निकाल मागितला गेला. मी नव्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की मान हरणाची आहे, पण चेहरा बैलाचा. दोघंही माझ्यावर रागावले.

मोत्यांच्या विभागात डेनिस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. लुर्डस आणि पोर पुढं गेल्या होत्या. त्याने खाकरून सुरुवात केली, “पप्पा, मला तुम्हाला...” आणि थांबला. मी पाणबुड्याला तळाशी नेणाऱ्या दगडाकडे पाहत राहिलो. तो पुन्हा म्हणाला, “लुर्डसबद्दल... म्हणजे तुम्ही लिहिलंत, पण मी स्वतः तोंडाने...” कपाळावर घाम. मला दया येत होती, पण मी मदत केली नाही. माणसाने आपलं वाक्य आपण पुरं करावं. शेवटी एका दमात म्हणाला, “मी तिला सुखात ठेवीन की नाही ते मला माहीत नाही, पण तिला विचारून करीन सगळं.” मी त्याला जवळ घेतलं. त्याच्या शर्टाला खरोखरच पावाचा वास येतो.

मग लग्नाच्या दालनात गेलो. तिथं इथल्या नवरीचा पुतळा नटवून बसवलाय, हिरवं वस्त्र, डोक्यापासून छातीपर्यंत सोनं. लुर्डस तिच्यापुढं उभी होती. अँजेलिनाने पुतळ्याचं सोनं नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, “आंटी, फ्लॉवर गर्ल किती मोठी असू शकते? मी दहाची झाली. माझ्या क्लासमधल्या एकीला सांगितला तू उंच आहेस, नको.”

डेनिस काहीतरी म्हणणार होता. मी त्याच्या दंडाला हात लावला.

लुर्डस खाली वाकली. म्हणाली, “मला फ्लॉवर गर्ल नकोच आहे. चर्चमध्ये जाताना माझ्या एका बाजूला पप्पा असणार. दुसऱ्या बाजूला मला कुणीतरी लागेल. फुलं टाकत पुढं पुढं पळणारं नको, शेवटपर्यंत हात धरून चालणारं पाहिजे. उंच असेल तर बरंच.”

पोरीने विचार केला. अगदी मोठ्या माणसासारखा केला. मग विचारलं, “म्हणजे मी तुला घेऊन येणार, डॅडीकडे?”

“हो. तू आणणार.”

“मग मला पण व्हाइट पाहिजे. तुझ्यासारखा सेम.”

लुर्डसने मान डोलावली. पोरीने तिथंच पाठ ताठ करून मला हुकूम सोडला, “आजोबा, मेझर मी. खलास, आज मेझर करायचा.” माझ्या खिशात गुंडाळलेली मोजपट्टी होती. मी भिंतीपाशी तिला उभं केलं, डोक्यावर संग्रहालयाचं माहितीपत्रक आडवं धरलं आणि मापलं. हाशिमनी पट्टीचं खालचं टोक धरलं. लोक पाहत होते, पाहू देत.

तेव्हा हे काम तुझ्याकडे. लग्न जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये. फादरांना भेटून तीन रविवार वधूवरांची नावं पुकारायला सांग. लुर्डसच्या अंगाचं माप तुझ्याकडे आहेच. तिचा लग्नाचा पांढरा झगा शिवायला टाकशील, त्याच कापडाचा पोरीलाही फ्रॉक टाक, लेसही तीच. उंची चार फूट साडेचार इंच. शिंप्याला सांग, खाली दुमडीत भरपूर कापड ठेव, वाढतं अंग आहे.

तुझा,
थॉमसमामा